एक हळद जायले किती वेळ लागते?

"हा माणूस वायफाय घेऊन राह्यला का म्हैस?"

पासपोर्ट फोटोसाठी थांबलेला एक गिऱ्हाईक आपल्या बायकोच्या कानाशी बोलला. हळूच बोलला, पण आमचा स्टुडिओ एवढासा होता की तिथे कुजबुज करायची तर रस्त्यावर जाऊन करावी लागे. मी कॉम्प्युटरसमोर होते, मला ऐकू आलं. कारंज्याहून आलेल्या केबलवाल्यालाही आलं असणार, कारण त्याने मान खाली घालून थंड झालेला चहा फुंकला. ऐकू आलं नाही ते फक्त काकांना. ते राउटर दोन्ही हातांत धरून उलटापालटा करत होते. त्यांनी एक अँटेना उभा केला, पाडला, पुन्हा उभा केला, आणि मग डब्याला कान लावला.

"आवाज कायचाच येत नाही याचा."

"बंद हाय नं भाऊ," केबलवाला म्हणाला. "अन् चालू केल्यावर बी आवाज येत नाही."

"मंग चालू हाय हे माणसाले समजन कसं?"

"लाईट लागतो. हिरवा."

"हिरवा त आमच्या जुन्या डबड्याले बी लागत होता. नेट कुठी होतं?"

केबलवाल्याने माझ्याकडे पाहिलं. या दुकानात शहाणं माणूस कोणी असेल तर ते मीच, असा त्याचा समज झाला असावा. मी स्क्रीनकडे पाहू लागले. अशा वेळी नवरीच्या गालावरचा डाग काढणं बरं असतं.

काकांचा फोटो स्टुडिओ कामरगावच्या बसथांब्यासमोर होता. आसपासच्या गावांतली लग्नं, साखरपुडे, बारशी, शाळेची ओळखपत्रं, सगळं तिथे व्हायचं. मी अल्बमची पानं लावायची. अकोल्याच्या वसतिगृहात राहून इंग्रजी शाळा आणि मग कॉलेज केल्यानंतर मी घरी परत आले, तेव्हा वडिलांना मला बँकेच्या परीक्षेच्या क्लासला अमरावतीला पाठवायचं होतं. मी तोवर म्हणून स्टुडिओत जाऊन बसले. तिथे मला कोणाशी फारसं बोलावं लागत नसे. बोलण्याचं सगळं काम काका करायचे, माझ्या वाट्याचंसुद्धा.

ते मला नावाने हाक मारत नसत. "ए इंग्लिश मीडियम" म्हणत. "ए इंग्लिश मीडियम, हा फोटो मोठा केला तर फाटन का?" मी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगत, "फाटनच. राहू दे." काकांशी वाद घालता येत नसे, कारण वादासाठी निदान एकदा तरी त्यांना ऐकून घ्यावं लागलं असतं.

फोटो काढण्याची त्यांची एक पद्धत होती. सगळे फोटोग्राफर हसा म्हणतात. काका म्हणत, "हसू नोको. हसू येऊन राह्यलं असं कर." त्यामुळे आमच्या पंचक्रोशीतल्या सगळ्या लग्नांच्या अल्बममध्ये सगळी माणसं शिंक अडवून धरल्यासारखी उभी आहेत. नवरदेव, करवल्या, व्याही, सगळे. मी सुरुवातीला फोटोशॉपमध्ये ओठांचे कोपरे थोडे वर उचलून पाहिले. काकांना लगेच कळलं. "या माणसाले मी ओळखतो," ते म्हणाले, "हा असा हसतच नाही." मी कोपरे पुन्हा खाली आणले.

इंटरनेटवर त्यांचा विश्वास नव्हता, एसटीवर होता. अल्बम छापायला अमरावतीच्या लॅबला जायचे. बाकी जग फाइल्स पाठवत होतं. काका पेनड्राइव्ह एका लिफाफ्यात घालून, लिफाफा डिंकाने चिकटवून, वर दोरा गुंडाळून कंडक्टरच्या हातात द्यायचे. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत थांब्यावर उभे राहायचे. मग लॅबला फोन करायचे, "सुटलं बरं माझं नेट. खिडकीजवळ बसलं हाय." आणि खरं सांगायचं तर आमच्या तेव्हाच्या नेटपेक्षा ती गाडी वेगवान होती. आमचं नेट म्हणजे काकांचा जुना मोबाईल, जो स्टीलच्या ग्लासात घालून खिडकीच्या गजाला टांगलेला असे. तिथे त्याला रेंज येते असा काकांचा शोध होता. संध्याकाळी गावातली सगळी माणसं शेतातून, शाळेतून घरी येऊन व्हिडिओ पाहायला बसली की ग्लासातलं नेट संपायचं.

मीच एक उद्योग केला नसता तर हे असंच चाललं असतं. पुण्याच्या एका मोठ्या स्टुडिओला बाहेरून अल्बम लावून देणारं कोणी हवं होतं. मी माझी काही पानं त्यांना पाठवली. त्यांना आवडली. एक लग्न चाचणीसाठी देतो म्हणाले. त्यांचे फोटो आम्ही उतरवून घ्यायचे, पानं लावायची, आणि ठरल्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत पाठवायची. जमलं तर बारा महिने काम. हे मी काकांना सांगितलं, कारण त्याआधीच काकांनी मला एक गोष्ट सांगून ठेवली होती. लग्नसराई संपली की दुकानात दोघांचं काम राहत नाही. "आषाढ लागला की तू तुह्या परीक्षेच्या मागे लाग," ते म्हणाले होते. रागाने नाही, अगदी सहज. मला परीक्षेच्या मागे लागायचं नव्हतं. ते मी त्यांना सांगितलं नव्हतं, वडिलांनाही नाही.

पुण्याचं ऐकून काकांनी गजाला टांगलेल्या ग्लासात डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "ग्लासातून नाही होणार हे."

इतकं समंजस वाक्य त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं होतं. मला वाटलं, आता दोन दिवसांत नेट येईल.

पुढचे कित्येक आठवडे आम्ही नेट पाहत होतो. पाहत होतो म्हणजे खरोखरच, स्थळ पाहावं तसं. आधी एक डिशवाला आला. छतावर छोटी डिश लावायची, टॉवरवरून हवेतून नेट येतं, असं त्याने समजावलं. काकांनी विचारलं, "मधात पक्षी आला तर?" तो म्हणाला, पक्ष्याने काही होत नाही. "थवा आला तर?" त्याला हसू आलं. काकांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. नंतर मला म्हणाले, "ज्याले आपला प्रश्न हसण्यासारखा वाटते, तो उद्या आपला फोन उचलन का?" मग स्वतःच, "नाही उचलनार."

मग आम्ही त्यांच्या स्कूटरवरून कारंज्याला गेलो, कापडाच्या एका मोठ्या दुकानात. तिथल्या जैन शेठजींकडे फायबरचं कनेक्शन होतं आणि काकांनी त्यांच्या मुलीचं लग्न शूट केलं होतं. काकांनी गादीवर बसून पहिलाच प्रश्न टाकला, "शेठजी, तुमचं नेट रुसते का?"

"अरे भाऊ, गिऱ्हाईकानं पैसे टाकले की मशीन बोलते. अजून मले काय पाह्यजे?"

"बोलण्याचं काम हलकं असते. माझं वजनदार हाय. लग्नं न्यावी लागतात."

"तर मग टेम्पो घे ना!"

दुकानातले नोकर हसले. मी साड्यांच्या घड्या पाहत राहिले. काकांना काही वाटलं नाही. त्यांनी राउटर कुठे ठेवलाय ते पाहिलं, त्यावर हात ठेवून गरम होतो का ते पाहिलं, तार भिंतीतून कुठे जाते ते पाहत पाहत मागच्या गल्लीत गेले, आणि मग चार खांब पुढेही गेले. मी मागे. उन्हात.

अखेर केबलवाल्याचंच फायबर घ्यायचं, इथवर आलो. पण वेग किती, यावर गाडी अडली. केबलवाला शंभर एमबीपीएस म्हणाला. काका म्हणाले, "ते नोको सांगू. एक हळद जायले किती वेळ लागते, ते सांग."

"काय जायले?"

"हळद."

त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मला सांगावंच लागलं. काकांचं स्वतःचं माप होतं. अनसिंगला त्यांनी शूट केलेल्या एका लग्नातल्या हळदीचे सगळे फोटो एका फोल्डरमध्ये होते. हळदीचे का, तर हळदीत माणसं सगळ्यात जास्त हलतात, म्हणून फोटो सगळ्यात जास्त काढावे लागतात. ते फोल्डर म्हणजे एक हळद. साखरपुडा म्हणजे अर्धी हळद. पूर्ण लग्न म्हणजे तीन हळदी आणि वर विदाई. कॉम्प्युटर घेताना, पेनड्राइव्ह घेताना, काका आधी ती हळद त्यात घालून पाहायचे. अनसिंगच्या त्या नवरीला आता मुलंबाळं झाली असतील. आपली हळद विदर्भातल्या किती यंत्रांमधून जाऊन आली, हे तिला माहीत नसेल.

"मी लॅपटॉपवर स्पीड टेस्ट करून दाखवतो नं," केबलवाला म्हणाला.

"काटा कोनाचा?"

"म्हंजे?"

"मोजणारा काटा तुहाच नं? मंग तो तुहंच वजन दाखवन."

त्यामुळे आम्ही पुन्हा कारंज्याला, केबलवाल्याच्या ऑफिसात. मी त्याच्या नेटवरून अनसिंगची हळद अमरावतीच्या लॅबला पाठवायला लावली. काका चहा प्यायला समोर गेले. ते परत येईपर्यंत हळद गेली होती. मी म्हणाले, "काका, गेली."

"सगळी?"

"सगळी."

त्यांनी लॅबला फोन लावला. "हळद आली का? पूरी आली? नाही, असं नोको सांगू, उघडून पाहा. शेवटच्या फोटोत नवरदेवाची मावशी हाय का? हिरवं लुगडं. टॉवेलनं कान पुसून राह्यली. हाय? कोनता कान?" मग फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे वळले. "उजवा म्हणते. बरोबर हाय."

केबलवाल्याने कपाळावरचा घाम पुसला आणि फॉर्म पुढे केला. काकांनी पेन उघडलं आणि थांबले.

"एक शेवटचं. लाईन जाते का?"

"लाईन?" केबलवाला छाती पुढे काढून बोलला. "भाऊ, दुनिया इकडची तिकडे होईन, आपली लाईन जात नाही. गॅरंटी."

"पावसात?"

"पावसात बी नाही. वादळात बी नाही. लाईन गेली तर मले बोला."

काकांचा चेहरा इतका उजळला की मला आश्चर्य वाटलं. त्यांनी सही केली. परत येताना स्कूटरवर ते दोनदा म्हणाले, "लाईन जात नाही म्हणते!" मी मागे बसून हो म्हणाले. मला त्यात एवढं काय ते कळलं नाही. कुठलाही केबलवाला हेच म्हणणार.

नेट आलं. काका पहिल्या दिवशी खुर्ची घेऊन राउटरसमोर बसून राहिले. हिरवा दिवा लुकलुकला की म्हणायचे, "चाललं कोनीतरी." पुण्याचे फोटो उतरले, तेव्हा त्यांनी मोजलं, साडेचार हळदी. थांब्यावरच्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला आत बोलावून त्यांनी तो डबा दाखवला. सांगताना ते आणखीही काही सांगत असावेत, कारण बाजूच्या मेडिकलवाल्याने एकदा मला विचारलं, "खरंच का ओ मॅडम, तुमचं नेट असं हाय?" मी हसून मान हलवली. मला वाटलं, वेगाबद्दल विचारतोय.

सोमवारी मी दुकानात आले तर टेबलाखालची जागा रिकामी. आमचा इन्व्हर्टर आणि त्याची ती अवजड बॅटरी दोन्ही गायब.

"मेडशीले पाठवला," काका म्हणाले. "साळ्याकडे. त्याच्या घरी लहान लेकरू हाय."

"पण काका, आपल्याला लागेल ना?"

"आता कायले लागते?" ते इतक्या प्रेमाने हसले की माझी चिडचिड आणखी वाढली. "तुले समजन हळूहळू." एवढ्यात कोणीतरी आधार कार्डाची झेरॉक्स मागायला आलं आणि विषय तिथेच राहिला. बॅटरी त्यांनी पेनड्राइव्हसारखीच एसटीने पाठवली होती. कंडक्टरने नाही म्हटलं असणार आणि काकांनी ते ऐकलं नसणार.

पुण्याची पानं मी माझ्या लॅपटॉपवर लावली. त्या दिवसांत काका मला एकदाही मध्येच उठवायला आले नाहीत. उलट फोटो काढायला आलेल्या लोकांना ते तोंडावर बोट ठेवून गप्प करत. फक्त एकदा माझ्यामागे उभे राहून पुण्याच्या नवरीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. "ही सारखी दात दाखवून राह्यली," ते खिन्नपणे म्हणाले. "यायले कोनी सांगत नाही का?"

पाठवायच्या दिवशी दुपारी मी सगळं तयार करून अपलोड लावलं. पट्टी निम्म्यावर आली होती. काका मागे उभे राहून दोन हळदी झाल्या, सव्वादोन झाल्या असं मोजत होते. तेवढ्यात पंखा थांबला. स्टुडिओला खिडकी एकच, तीही ग्लासाच्या कामाची. आत एकदम अंधार झाला. माझ्या लॅपटॉपचा उजेड तेवढा राहिला आणि त्यात दिसलं की पट्टी थांबली आहे. राउटरचा दिवा गेला होता.

काका राउटरकडे पाहत राहिले. त्यांनी त्याचा अँटेना उभा केला. दुसराही केला. मग बाहेर जाऊन लाईनमनला विचारून आले. संध्याकाळपर्यंत काही खरं नाही, कुठेतरी विजेचा फीडर गेला होता. बाजूच्या मेडिकलमध्ये औषधांच्या फ्रिजसाठी इन्व्हर्टर होता; तेवढं एक दुकान उजेडात होतं. मी मोबाईलवरून पाठवून पाहिलं. वीज गेली की टॉवरही मान टाकतो. एक पान जाईना.

काकांनी केबलवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला, म्हणजे मी साक्षीला राहीन.

"लाईन गेली."

"नाही भाऊ, लाईन चालू हाय. मी इथून पाहून राह्यलो."

"अबे, मी अंधारात उभा हाय!"

"अंधारात काहून उभे हा? लाईनचा अन् अंधाराचा काय संबंध?"

काका माझ्याकडे वळले. "आयकलं? हा म्हणते, लाईनचा अन् अंधाराचा संबंध नाही!"

"तुमच्या खांबापर्यंत लाईन एकदम ओके हाय, भाऊ."

"खांबापर्यंत हाय तर घरात कशी येत नाही? मधात कोन खाऊन राह्यलं?"

"एक काम करा, डबा बंद करून चालू करा."

"तो बंदच हाय! लाईन नाही तर काय माह्या फुंकीनं चालन? तूच म्हणलं होतं नं, लाईन जात नाही, गॅरंटी?"

"ते त मी आज बी म्हणतो."

"आज बी म्हणते!" काका दाराकडे वळून ओरडले, कारण दारात एव्हाना मेडिकलवाला, चहावाला आणि गाडीची वाट पाहणारी दोनचार माणसं जमली होती. "आज बी म्हणते हा! मी अख्ख्या थांब्याले सांगतलं, लाईन गेली तरी आपलं नेट जात नाही. इन्व्हर्टर देऊन टाकला मी याच्या भरवशावर!"

तेव्हा मला कळलं. वीज गेली की माझ्या तोंडी लाईट जाते. काकांकडे, आणि खरं तर सगळ्या कामरगावात, लाईन जाते. काकांनी विचारलं होतं, वीज गेल्यावर काय. केबलवाल्याने ऐकलं होतं, तार तुटते का. दोघांनी एकमेकांना अगदी खरं उत्तर दिलं होतं, आणि मी दोघांच्या मध्ये बसून अनसिंगच्या मावशीचा उजवा कान तपासत होते.

"भाऊ, चूक तुमच्या बाजूनं हाय," फोनमधून आवाज आला. आता तोही चिडला होता. "मी तक्रार बंद करून राह्यलो."

"तक्रार कायची बंद करतो, कनेक्शनच बंद कर! तुही तार उपटतो, गुंडाळतो अन् सकाळच्या कारंजा गाडीनं पाठवून देतो. डब्यासकट." काकांचा हात खरोखरच भिंतीवरच्या तारेकडे गेला. मग माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "पोरी, पुण्यावाल्यायले सांगून दे. आमच्यानं होत नाही म्हणा. त्यायच्याकडं लाईन जात नसन, त्यायचं त्यायनं करावं."

दारातलं कोणीतरी हसलं. केबलवाला फोनमध्ये बोलतच होता. काका त्याच्यावर बोलत होते. लॅपटॉपवर घड्याळ पुढे जात होतं आणि पट्टी होती तिथेच होती. मी काका म्हटलं. कोणी ऐकलं नाही. पुन्हा म्हटलं. मग मी उठले, काकांच्या हातातून फोन घेतला, दुसऱ्या हाताने त्यांचा हात तारेवरून काढला, आणि जे बोलले ते इतक्या मोठ्याने बोलले की रस्त्यापलीकडच्या रिक्षावाल्यानेही मान वळवली.

"गप्प बसा दोघंही! दादा, तुमची लाईन म्हंजे तार. अन् काका, तुमची लाईन म्हंजे करंट. तार चालू हाय, करंट गेला. कोनी खोटं बोललं नाही, अन् कोनी आयकलं बी नाही. बाजूच्या मेडिकलमधून वायर ओढा, आताच्या आता ओढा. पुण्याले मी काहीच सांगत नाही. कनेक्शन राहीन, अन् मी बी राहीन."